पाणी कोण भरत होतं

अंजनाताई मेश्राम ग्रूबर वस्तीवर पहिल्यांदा गेल्या त्या शिवणकामासाठी. मुलांना शिकवायचं त्यांच्या किंवा कुणाच्याच मनात नव्हतं.

ही वस्ती म्हणजे एक उघड्यावरचं म्युझियम. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या स्टेट कॉलेज गावापासून गाडीनं सव्वा तासावर, नदीच्या काठी. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी युरोपातून आलेल्या लोकांनी जंगल तोडून बांधलेली ओंडक्यांची घरं, एक विहीर, गोठा, लोहाराची भट्टी. शाळांच्या पिवळ्या बस भरून चौथी-पाचवीची मुलं येतात. त्या काळचे कपडे घातलेले व्हॉलंटियर त्यांना दाखवतात की तेव्हा लोणी कसं काढायचे, मेणबत्त्या कशा ओतायचे, कापूस नसताना कपडे कशाचे करायचे. अंजनाताईंना हातशिलाई उत्तम येते, आणि व्हॉलंटियरांचे एप्रन फाटले होते. नवरा प्रफुल्ल युनिव्हर्सिटीत संशोधक, त्याच्या व्हिसावर यांना नोकरी करता येत नव्हती. नागपूरच्या शाळेत अकरा वर्षं इतिहास शिकवलेली बाई दोन वर्षं अपार्टमेंटमध्ये बसून होती. कुणी एप्रन शिवायला बोलावलं तरी त्या निघाल्या असत्या.

त्यांना तेव्हा गाडी चालवता येत नव्हती. मी मातीवर पीएचडी करत होते आणि गुरुवारी मला क्लास नसायचा, म्हणून मी सोडायला जायचे. त्यामुळे यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. काही ठिकाणी मी तोंड उघडायला हवं होतं ते उघडलं नाही, तेही सांगणार आहे.

तर पहिल्याच गुरुवारी पाऊस लागून लाकडं ओली झाली होती. मोठ्या घराच्या स्वयंपाकघरातली चूल काही पेटेना. बस येऊन उभी, आत धूरच धूर, आणि लोइस होस्टेटलर नावाच्या बाई, म्हणजे तिथला शाळांचा सगळा कार्यक्रम चालवणाऱ्या, खोकत खोकत कागद पेटवत होत्या. अंजनाताईंनी हातातला एप्रन बाजूला ठेवला. कोपऱ्यातली कुऱ्हाड घेऊन ओंडका उभा चिरला, आतल्या कोरड्या गाभ्याच्या ढलप्या काढल्या, लोहाराकडून पितळी नळीचा तुकडा मागवला आणि चुलीपुढे उकिडवं बसून तीन फुंका मारल्या. जाळ झाला. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीजवळच्या खेड्यात त्यांनी बारावीपर्यंत असाच अभ्यास केला होता, एका हातात पुस्तक आणि एका हातात फुंकणी.

पुढच्या गुरुवारी लोइसनी त्यांना टोपडं, लांब घागरा आणि एक पिवळं कार्ड दिलं. कार्डावर स्वयंपाकघरात मुलांना काय सांगायचं ते छापलेलं होतं. बारा मिनिटांचं बोलणं. शेवटचं वाक्य असं होतं की त्या काळी जगणं कष्टाचं होतं, पण सगळे मिळून काम करत आणि प्रत्येकाचा हातभार लागे.

अंजनाताईंनी ते कार्ड वर्षभर इमानानं म्हटलं. मुलांना त्या आवडायच्या. एखादं मूल विचारायचं, यू आर इंडियन? मग त्या म्हणायच्या, हो, खरी इंडियन, इंडियातून आलेली. तू ज्यांच्याबद्दल विचारतोयस ते लेनापे लोक, हे घर बांधायच्या आधी ही जमीन त्यांची होती. एवढंच कार्डाबाहेर. लोइसनी ते एकदा ऐकलं आणि चालू दिलं.

पुढच्या वसंतात एक चष्मेवाली मुलगी लोणी काढायचं सोडून स्वयंपाकघरामागच्या अरुंद जिन्याखाली वाकून बघत बसली. तिथं माणूस जेमतेम आडवा होईल एवढी जागा आहे. तिनं विचारलं की इथं कोण झोपायचं? अंजनाताई म्हणाल्या, सामान ठेवत असतील. मुलगी म्हणाली, मग भिंतीला खुंटी एवढी खाली का, झोपलेल्याच्या हाताला येईल अशी? जेवणाच्या सुट्टीत अंजनाताईंनी लोइसना विचारलं. लोइस म्हणाल्या, "ते चौथीला नसतं."

म्हणजे उत्तर होतं. परतताना घर आलं तेव्हा अंजनाताई मला म्हणाल्या, "मोनाली, तुझ्या लायब्ररीत जुने पेपर बघायला मिळतात ना?"

त्या उन्हाळ्यात आम्ही युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत सहा शनिवार बसलो. त्यांची दहा वर्षांची मुलगी उपासना शेजारी रंगवत बसायची. जुनी अक्षरं, त्यात एस आणि एफ सारखेच दिसतात, वाचून डोळे दुखायचे. सहाव्या शनिवारी फिलाडेल्फियाच्या एका पेपरात, जहाजांच्या बातम्यांखाली, बोटभर जाहिरात सापडली. येकब ग्रूबर यांच्या घरातून फिलिस नावाची गुलाम बाई पळाली आहे. वय पंचवीसच्या आसपास, उंच, भरभर बोलते, इंग्रजी आणि जर्मन दोन्ही. दोन्ही खांद्यांवर पाण्याच्या कावडीचे घट्टे आहेत. अंगावर जाडाभरडा निळा घागरा. जाताना मालकिणीचे बूट घालून गेली आहे. आपण स्वतंत्र आहोत असं ती ठासून सांगेल, कुणी विश्वास ठेवू नये.

अंजनाताईंनी ते दोनदा वाचलं. मला वाटलं त्या रडतील. त्या हसल्या.

"बूट घेऊन गेली बघ," म्हणाल्या.

सप्टेंबरात शाळा पुन्हा सुरू झाल्या आणि अंजनाताईंनी कार्ड बाजूला ठेवलं. लोणी त्या काढू द्यायच्या, पण आधी पाणी. घरात माणसं अकरा, गाई तीन. पिणं, रांधणं, धुणं, गुरांचं, सगळं धरून रोज किती बादल्या लागतील ते मुलांनीच ठरवायचं. मग विहिरीपाशी जायचं. गोठ्यात लटकलेली जुनी कावड त्यांनी दुरुस्त करून घेतली होती. दोन लाकडी बादल्या, त्याही अर्ध्याच भरलेल्या. विहिरीपासून स्वयंपाकघर एकशे चाळीस पावलं, सगळी चढाची. पहिल्या खेपेला मुलं हसायची, दुसऱ्या खेपेला सांडासांड, तिसऱ्या खेपेला एकेक जण खांदा चोळत गप्प व्हायचा. अशा तीसएक खेपा रोज. मग सगळ्यांना जिन्याजवळ बसवून त्या विचारायच्या की पाणी कोण भरत होतं? मुलं म्हणायची आई, बाबा, मुलं. आणि अंजनाताई जाहिरात वाचून दाखवायच्या, मग जिन्याखालची झोपायची जागा आणि ती खुंटी.

फिलिस पुन्हा सापडली की नाही, असं मुलं हमखास विचारायची. त्या खरं ते सांगायच्या की माहीत नाही. जाहिरात पुढचे दोन महिने पुन्हा पुन्हा छापलेली आहे, म्हणजे निदान दोन महिने तरी सापडली नव्हती. यावर एकदा एका वर्गानं टाळ्या वाजवल्या.

बऱ्याच शिक्षिकांना हे आवडलं. एका पालकाला नाही आवडलं. त्यांच्या मुलीनं घरी जाऊन विचारलं म्हणे की आपण ग्रूबर आहोत का. लोइसनी अंजनाताईंना बाजूला घेतलं. लोइस वाईट बाई नव्हत्या, हे मला सांगितलंच पाहिजे. तीस वर्षं चौथीला शिकवून रिटायर झालेल्या, आणि ही वस्ती बंद पडायच्या बेतात असताना त्यांनी एकेका शाळेला फोन करून ती उभी ठेवली होती. त्यांचं म्हणणं एवढंच की मुलं नऊ वर्षांची आहेत, त्यांनी आनंदानं घरी जावं. अंजनाताई म्हणाल्या की माझ्याकडूनही आनंदानंच जातात, फक्त खांदे दुखतात.

प्रफुल्लला मात्र काळजी लागली. तो स्वभावानं शांत माणूस. आपण व्हिसावर आहोत, कुणी तक्रार केली, नाव कुठं गेलं, तर काय करणार, असं तो जेवताना म्हणाला. मी तिथंच होते. अंजनाताईंनी त्याच्या पानात भात वाढला आणि म्हणाल्या, "व्हिसा तुमच्या नोकरीचा आहे. माझ्या तोंडाचा नाही." तो म्हणाला, "कावडीची दोरी कच्ची वाटली मला. रविवारी बदलून देतो."

ऑक्टोबरात आमच्या मराठी शाळेची सहल ग्रूबर वस्तीवर न्यायचं ठरलं. ठरवलं मालिनीकाकूंनी. काकू पस्तीस वर्षांपूर्वी ठाण्याहून इथं आलेल्या. नव्या विद्यार्थ्याला पहिल्या हिवाळ्यात कोट त्यांच्याकडून मिळतो, माझाही त्यांनीच दिलेला. आपलीच अंजना तिथं शिकवते याचं त्यांना कौतुक होतं. चौदा मुलं आणि आठ-नऊ पालक आले. मुलांनी पाणी वाहिलं, जाहिरात ऐकली. मोठ्यांनीही ऐकली, माना हलवल्या, किती भयंकर म्हणाले. कुणीतरी म्हणालं की या लोकांनी काय काय केलं बघा.

मग काकूंची नात राधिका, उपासनाच्याच वर्गातली, खांदा चोळत म्हणाली, "अंजनामावशी, डिड वी हॅव धिस इन इंडिया?"

चुलीतलं लाकूड तेवढं तडतडत होतं. मला वाटलं, अंजनाताई काहीतरी म्हणून पुढे जातील. वेळही संपत आला होता.

"होतं," त्या म्हणाल्या. "माझे आजोबा लहू. त्यांना विकत घेतलं नव्हतं कुणी, पण त्यांच्या जातीत जन्माला आलं की पाटलाच्या घरची लाकडं फोडायची, निरोप घेऊन दहा-दहा कोस पळायचं, मेलेलं जनावर ओढायचं. त्याला मजुरी नसायची. त्याला वेठ म्हणतात. आणि गावाच्या विहिरीला त्यांना हात लावता यायचा नाही. फिलिस निदान विहिरीवर तरी जात होती."

राधिकानं विचारलं की मग ते पळून गेले का?

"नाही. ते छप्पन साली नागपूरला चालत गेले, दीक्षा घेतली, आणि चालत परत आले. दुसऱ्या दिवशी पाटलाच्या वाड्यावरून बोलावणं आलं. आजोबांनी सांगितलं, येत नाही. दोन वर्षं गावात कुणी त्यांना काम दिलं नाही. ते नदीपल्याड दुसऱ्या गावात विटा पाडायला जायचे. पण लाकडं फोडायला पुन्हा गेले नाहीत."

हे सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. जशी जाहिरात वाचली होती तसंच. मुलं ऐकत होती. मोठी माणसं घड्याळं बघत होती. या लोकांनी काय काय केलं म्हणणारे गृहस्थ बाहेर जाऊन उभे राहिले.

पार्किंगमध्ये मालिनीकाकूंनी अंजनाताईंना गाठलं. मी गाडीची किल्ली हातात घेऊन शेजारी उभी. काकूंचा आवाज मायेचाच होता. म्हणाल्या, "अगं, ते सगळं आता संपलंय ना? इथं जन्मलेली मुलं ही. त्यांना जात हा शब्दसुद्धा माहीत नाही. कशाला डोक्यात भरवायचं? लहान आहेत."

"उपासनाही लहानच आहे, काकू," अंजनाताई म्हणाल्या. "तुमच्याच मराठी शाळेत एका मुलानं तिला विचारलं, तुमच्याकडे गणपती का नसतो, यू गाइज आर द अदर काइंड? त्याला कुणीतरी सांगितलं होतं ना हे. मग मी पण सांगते."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटत होतं मी काहीतरी मध्यममार्गी बोलेन. अंजनाताईंनीही बघितलं. मी पुण्याची. आमच्या घरी जात कधी निघाली नाही, कारण आम्हाला कधी गरजच पडली नाही. मी गाडीचं दार उघडलं आणि म्हणाले की उशीर होतोय. येताना सव्वा तास आम्ही रेडिओ ऐकला.

आठवड्यानं लोइसच्या ऑफिसात ईमेल पोचली. मराठी शाळेच्या सात पालकांची नावं होती. त्यात लिहिलं होतं की इतिहासाच्या नावाखाली वैयक्तिक राजकारण आणि आमच्या समाजाची बदनामी मुलांसमोर केली गेली. म्युझियमच्या मंडळाला आधीच निमित्त हवं होतं. पुढच्या गुरुवारी लोइसनी अंजनाताईंपुढे एक कागद ठेवला. मंजूर कार्डाबाहेर काही बोलणार नाही, असं लिहून सही करायची. बस फाटकात येऊन उभी होती, बावन्न मुलं, आणि स्वयंपाकघर सांभाळणारं दुसरं कुणी त्या दिवशी नव्हतं.

अंजनाताईंनी कागद पूर्ण वाचला. त्यांचं इंग्रजी पुस्तकी आहे, एकेक शब्द निवडून बोलतात. त्या म्हणाल्या की मी सही करणार नाही. तुमच्या कार्डावर असंच आहे की पाणी आपोआप आलं. माझ्या आजोबांच्या गावातही सगळे असंच म्हणायचे, लाकूड आपोआप फुटतं.

लोइस म्हणाल्या, मग आजचा दिवस तरी कार्डाप्रमाणे करा, मुलं आली आहेत.

"मुलं आली आहेत," अंजनाताई म्हणाल्या आणि टोपडं बांधून विहिरीकडे चालायला लागल्या.

त्या दिवशीसारखा तास मी दुसरा पाहिला नाही. त्यांनी काही गाळलं नाही. खेपा झाल्या, जाहिरात झाली. या मुलांनी इंडियाबद्दल विचारलं नाही, तरी त्यांनी स्वतःहून लहू आजोबांचं सांगितलं. आणि हे घर बांधायच्या आधी इथं कोण राहत होतं तेही, नीट, जागांच्या नावांसकट. लोइस दारात उभ्या होत्या. हात छातीशी बांधलेले. मध्येच त्यांनी थांबवायचं म्हटलं असतं तर थांबवता आलं असतं. बारा मिनिटांचे चाळीस झाले, बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला, तरी त्या हलल्या नाहीत.

मुलं गेल्यावर लोइसनी कपडे परत मागितले. अंजनाताईंनी टोपडं काढून दिलं, घागरा आत जाऊन बदलून आणला, घडी घालून दिला.

"एप्रन देणार नाही," म्हणाल्या. "तो मी शिवलाय."

लोइसनी तो मागितला नाही.

परत येताना मी गाडी एका पेट्रोल पंपावर थांबवली आणि अंजनाताईंना सांगितलं की त्या दिवशी पार्किंगमध्ये मी बोलायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "हो, हवं होतं." मग कॉफी आणायला गेल्या. माझ्यासाठीही आणली. मी तिथूनच मालिनीकाकूंना फोन लावला आणि म्हणाले की मी हजर होते, अंजनाताई जे बोलल्या त्यात एक शब्द खोटा नव्हता, आणि ईमेलवाल्यांना तुम्ही हे माझ्या नावानिशी सांगा. काकू बरं म्हणाल्या. त्यानंतर दिवाळीचं बोलावणं आलं नाही. कोट मी अजून वापरते.

बावन्न मुलांच्या त्या बसमधल्या एका शिक्षिकेनं अंजनाताईंचा पत्ता शोधून काढला आणि शाळेत बोलावलं. मानधन घ्यायची त्यांना परवानगी नव्हती, तसं त्यांनी सांगितलं. शिक्षिका म्हणाली, तरी या. प्रफुल्लनं गॅरेज सेलमधून आणलेल्या लाकडी दांड्याची कावड केली. विहीर नव्हती, म्हणून जिमच्या नळापासून मैदानाच्या टोकापर्यंत. मग दुसरी शाळा आली, मग गावातल्या पब्लिक लायब्ररीनं शनिवारचा तास दिला. अंजनाताई गाडी शिकल्या. दुसऱ्या प्रयत्नात लायसन मिळालं, आणि माझे गुरुवार मोकळे झाले, ते मला फारसं आवडलं नाही.

लायब्ररीच्या तासाला राधिका येते. मालिनीकाकू तिला दारापर्यंत सोडतात आणि तास संपेपर्यंत गाडीत बसून राहतात. आत येत नाहीत. अंजनाताई एकदा बाहेर जाऊन काचेवर टकटक करून म्हणाल्या की थंडी आहे, आत बसा. काकूंनी काच थोडी खाली केली, नको म्हणाल्या, आणि डब्यातले लाडू उपासनासाठी दिले. अंजनाताईंनी लाडू घेतले. यापलीकडे दोघींत अजून काही झालेलं नाही.

या वर्षी फेब्रुवारीत डोंगरापलीकडच्या एका शाळेनं त्यांना बोलावलं. प्रिन्सिपलनी आधी नोट्स मागवल्या, कारण हल्ली पालक विचारतात. अंजनाताईंनी चार पानं पाठवली. तीन दिवसांनी ती परत आली, फार नम्र पत्रासह, आणि दोन ओळींवर लाल रेघ मारलेली होती. एक ओळ फिलिस कुठे झोपायची त्याची, दुसरी लहू आजोबा कामाला नाही म्हणाले त्याची. बाकी सगळं छान आहे, असं लिहिलं होतं.

प्रफुल्लनं विचारलं, काय कळवू या? त्या म्हणाल्या, कळवायचं काय, येते म्हणून कळवा.

मी त्या दिवशी मुद्दाम सोबत गेले. बर्फ पडत होतं, जिममध्ये ऐंशी मुलं मांडी घालून बसली होती, प्रिन्सिपल पहिल्या रांगेच्या बाजूला खुर्चीवर. अंजनाताईंनी स्वतः शिवलेला एप्रन बांधला, नमस्कार केला, खिशातून ती लाल रेघांची पानं काढली आणि मुलांना दाखवली. म्हणाल्या की यातल्या दोन ओळी मी तुम्हाला सांगू नयेत असं ठरलं आहे, म्हणून त्या आधी सांगते. प्रिन्सिपल अर्धवट उठले आणि परत बसले. ऐंशी मुलांचे डोळे त्या कागदावर खिळले होते.

त्या शाळेनं पुन्हा बोलावलेलं नाही. मार्चमध्ये दुसऱ्या दोन शाळांचे फोन आले. त्यातल्या एकीनं नोट्स मागितल्या आहेत. अंजनाताईंनी त्याच चार पानांची नवी प्रत काढली आणि पाठवून दिली.